बावीस वेळा कापलेलं स्टूल

एकच स्टूल मी बावीस वेळा कापलेलं आहे. असा दुसरा सुतार दाखवा, ज्यानं आपल्याच हातची वस्तू बावीस वेळा नासवली. मी नासवली. तीही शिव्या देत. आणि ज्या माणसापायी नासवली, त्याचं नाव उपासनी.

मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरानं कारण नसताना छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवली आणि बापाच्या हाताखाली रंधा धरला. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघतील. ज्याला काढायच्या त्यानं खुशाल काढाव्यात, पण आधी बैलगाडीचं एक चाक करून दाखवावं. माझ्या हातच्या चाकांच्या गाड्या मिरजगावच्या बाजारापर्यंत जायच्या आणि एकही आरी कधी कुरकुरली नाही. पुढं लोकांनी टायरच्या गाड्या घेतल्या, चाकाचं काम बसलं. मग मी नगरच्या एका दवाखान्यात लाकडी पाय करायला लागलो. चाक काय अन् पाय काय, माणसानं पुढं जायचं एवढंच.

त्या दवाखान्यात दर गुरुवारी मीटिंग असायची. मोठे डॉक्टर, शांता सिस्टर, व्यायामाचे मास्तर, उपासनी आणि मी. ह्याला ते 'टीम' म्हणायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "टीम म्हंजी कबड्डीची का?" कुणी हसलं नाही. फक्त उपासनी हसले. तेव्हापासूनच माझा त्यांच्यावर राग.

त्यांच्या खोलीवर पाटी होती, 'साहाय्यक मानसशास्त्रज्ञ'. मी ती चार दिवस येता-जाता वाचली, तेव्हा कुठं शेवटपर्यंत गेलो. मग शिपायाला विचारलं, "हे साहाय्यक, मंग मुख्य कोन?"

"मुख्याची जागा रिकामी हाय."

"कवापासनं?"

"पैल्यापासनं."

म्हणजे हा माणूस कुणाच्याच हाताखाली नसलेला मदतनीस. काम काय, तर पेशंटच्या मनाचं बघायचं. अहो, मन काय गळू आहे का, दाबून बघायला?

माणूस चाळिशीचा, काटकुळा. शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. एक दिवस माझ्या शेडच्या दारात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, मला एक स्टूल करून द्याल? कॉटशेजारी बसायला. खुर्ची मोठी पडते."

मी करून दिलं. जुन्या दाराचं सागवान होतं, तीन पाय, खाली आडव्या पट्ट्या, उंची बरोब्बर हातभर. आम्हा सुतारांचा हात म्हणजे चोवीस बोटं. एक खिळा नाही, सगळं कुसवात, म्हणजे खाचेत खुंटी घालून, बसवलेलं. त्यावर हत्ती बसला असता.

एक महिन्यानं, सोमवारी सकाळी, उपासनी ते स्टूल घेऊन परत आले.

"मिस्त्री, बोटभर कमी कराल का?"

म्हटलं, उंची जास्त झाली असेल. केलं. तीन तिरक्या पायांचं स्टूल कापणं म्हणजे काकडी कापणं नव्हे. तिन्ही पायांना उतार धरून करवत चालवावी लागते, नाही तर बसणारा घसरतो. पुढच्या महिन्यात पुन्हा सोमवार, पुन्हा स्टूल.

"बोटभर."

"साहेब, एकदाच काय ते सांगा. चार बोटं? सहा बोटं? एका दमात उडवतो."

"घाई नाही, मिस्त्री. बोटभरच."

चौथ्या महिन्यात पाय आडव्या पट्ट्यांपर्यंत आले. पट्ट्या काढून वर नव्यानं कुसू पाडावा लागला. सहाव्या महिन्यात माझं डोकं फिरलं. त्यांना न सांगता दोन बोटं कापली. म्हटलं, एक हेलपाटा तरी वाचेल. दुसऱ्या सोमवारी हा माणूस आला तो पांढराफटक. स्टूल माझ्यापुढं ठेवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी दोन शब्द सुनावले असते.

"एक बोट परत लावता येईल का?"

"कापल्यालं लाकूड परत लावायचं?"

"लावा ना."

मी तीन ठोकळे कापून तिन्ही पायांखाली सरसानं चिकटवले. चाळीस वर्षं हत्यार धरलेल्या माणसाला हे करावं लागलं. आणि पुढच्या महिन्यात तेच ठोकळे मला पुन्हा काढायला लावले. आता सांगा, राग येईल का नाही?

तर अशी त्या स्टुलाची कथा. बाईनं परडी अडकवावी तसं ते कोपरात अडकवून उपासनी वॉर्डात फिरायचे. एखाद्या पेशंटपाशी ठेवायचे, बसायचे, आणि मग काहीच नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास, गप. पेशंट बोलला तर ऐकायचे. नाही बोलला तर "बरंय, उद्या येतो" म्हणून उठायचे. आमच्या गावात एवढं काम म्हातारी माणसं पारावर बसून करतात, त्यांच्या नावाची पाटी कुणी लावत नाही.

कुणी काही विचारलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "उभ्यानं कळत नाही हो."

मीटिंगलाही ते खुर्ची सोडून त्या स्टुलावर बसायचे. स्टूल जसजसं खाली गेलं तसतसे उपासनी टेबलाखाली गेले. आधी खांदे गेले, मग हनुवटी गेली. शेवटी टेबलावर नुसता भांग दिसायचा. मोठे डॉक्टर कागदातून मान वर काढून विचारायचे, "उपासनी आले नाहीत?" आणि टेबलाखालून आवाज यायचा, "आलोय."

रविवारी हे स्टूल घेऊन सकाळच्या पहिल्या एस्टीनं पुण्याला जायचे. दर रविवारी. शिपाई म्हणायचा, पुण्यात नदीकाठी स्टूल टाकून हात बघतात. मी म्हणायचो, असेल. तोंडावर तशी कळा आहेच.

लढाईनंतरचा दुष्काळ आला त्या साली स्टूल निम्म्यावर, म्हणजे वीतभर उरलं होतं. त्याच दिवसांत ठकूबाई आली.

दुष्काळी कामावर बाया खडी फोडायच्या. ठकूबाईच्या उजव्या पायावर दगड आला. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला, म्हणून बाई वाचली. वय असेल तिशीचं. वॉर्डात कॉट शिल्लक नव्हती, दोन कॉटांच्या मधे खाली गादी टाकून तिला ठेवलं होतं. नवरा त्याच कामावर, चार-पाच दिवसांनी चक्कर मारून जायचा.

जखम भरली. मी तिच्यासाठी पाय केला. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या पायांत हा एक नंबर. शिवणीचं लाकूड, वजनाला हलकं, आतून मऊ कातडं. आमच्याकडं पाय लागायचे ते जवानांना, ट्रक ड्रायव्हरांना. त्यामुळं लाकडी पायाच्या शेवटी बूट ही आमची रीतच. बाईसाठी मी मुद्दाम लहान नंबरचा बूट बाजारातून निवडून आणला, काळा, चकचकीत. नाडीची गाठसुद्धा नीट मारली.

बाईनं तो पाय घातला नाही.

शांता सिस्टर सकाळी पट्टे बांधायची, पाठ वळली की बाई पट्टे सोडायची आणि पाय कॉटखाली सारायची. व्यायामाच्या मास्तरांनी उभी केली की खाली बसायची. बोलायची तर नाहीच. जेवायची नावाला. एकोणीस दिवस असं चाललं. कॉटखाली माझा पाय, त्यावर धूळ, आणि बुटात मुंगळे.

गुरुवारी मीटिंगमध्ये मोठे डॉक्टर म्हणाले, "बाहेर माणसं ओळीनं झोपलीत. शनिवारी तिचा नवरा येईल तेव्हा तिला घरी पाठवा. पाय घातला तर पायावर, नाही तर कुबड्यांवर. उपासनी, तुमचं काय म्हणणं?"

टेबलाखालून आवाज आला, "अजून थोडं बसतो."

"किती दिवस बसणार?"

"ते तिच्यावर आहे."

मास्तर हसले. मला हसू आलं नाही. कुबड्या घेतल्या की बाईचे दोन्ही हात गेले. मग हंडा कसा उचलायचा, भाकरी कुठल्या हातानं थापायची, लेकरू कशावर घ्यायचं? हात गेले की बाई गेली. आणि माझा पाय कॉटखाली, मुंगळ्यांना राहायला! मला दोन्हीचा राग आला. कशाचा जास्त, ते आज सांगत नाही.

शुक्रवारी सकाळी मी तडक वॉर्डात गेलो. उपासनी नेहमीप्रमाणं गादीशेजारी बसलेले. मी कॉटखालून पाय ओढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"बाई, उठा. चढवा ह्यो."

बाईनं वर बघितलं नाही.

"खोट तर सांगा! लाकूड वंगाळ हाय? माप चुकलं? टोचतंय कुठं?"

काही नाही.

"अवो, उद्या घरी धाडत्यात तुमाला! कुबड्या घिऊन काय रांगनार हाय का जल्मभर? मुकी हाय का काय ही बाई?"

"मिस्त्री, आवाज कमी," शांता सिस्टर म्हणाली.

"आवाज माझा हाय!"

उपासनी उठले. स्टूल माझ्याकडं सरकवलं. "मिस्त्री, बसा."

"मी बसाया न्हाई आलो."

"बसा हो. उभ्यानं कळत नाही."

त्यांच्या मानगुटीवर तो पाय हाणावा असं वाटलं. पण माझा गुडघा सकाळपासून ठणकत होता आणि ओरडून दम लागला होता. बसलो. आपण केलेल्या स्टुलावर मी पहिल्यांदाच बसत होतो.

आणि खाली बसल्यावर काय दिसलं सांगतो. माझ्या मांडीवरचा बूट थेट नाकासमोर आला. काळा, ढब्बू, नाडी बांधलेला. फौजदार दारात उभा राहावा तसा. त्याच्या पलीकडं, लुगड्याच्या काठाखालून, बाईचा उरलेला पाय. टाचेला भेगा, नखात खडीची धूळ, आणि अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीचं जोडवं. बाईची मूठ पदराच्या टोकावर आवळलेली. टोकाला गाठ. गाठीत काहीतरी टणक, ते ती बोटानं सारखं चाचपत होती. उभ्या माणसाला ही मूठ दिसत नव्हती, गुडघ्याआड जायची.

"गाठीत काय हाय, बाई?" मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

तिची बोटं थांबली. मग एकोणीस दिवसांनी ती बाई बोलली. माझ्याशी.

"मिस्तरी, तुमची मंडळी हाय का?"

"हाय की."

"तिला बूट घालता का?"

मी मांडीवरच्या बुटाकडं बघितलं.

"माजा मालक जिता हाय," ती म्हणाली. "एका पायात जोडवं अन् दुसऱ्यात शिपायाचा बूट. अशी जाऊ त्याच्या म्होरं? गाव काय म्हनंल? अर्धा नवरा मेला का हिचा?"

तिनं गाठ सोडली. ज्या पायाला आता बोटच नव्हतं त्याचं जोडवं. ऑपरेशनच्या आधी शांता सिस्टरनंच काढून तिच्या हातात दिलं होतं. शांता सिस्टर खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. हसत होती का रडत होती, देव जाणे.

मी वॉर्डाबाहेर आलो आणि उपासनींना धरलं. "तुमाला ठावं हुतं?"

"गाठ दिसत होती रोज."

"मंग इचारलं का न्हाई? एकोणीस दिस?"

"मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काही नाही. मग गाठ दुसऱ्या हातात गेली असती." मग म्हणाले, "आणि खरं सांगू, गाठीत काय असेल ते मलाही कळलं नव्हतं. तुम्हाला लगेच कळलं."

ह्याचा तर फारच राग आला. मला कळलं, म्हणे! बायकामाणसाच्या पायाला बूट चढवणारा मीच होतो. टीममध्ये माझ्याशिवाय चार माणसं, एवढी शिकलेली, आणि बूट बघून कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट मास्तर म्हणाले होते, पॉलिश छान आहे.

दुपारी घरी गेलो. बायकोला म्हटलं, "फळीवर पाय ठेव."

"काय झालं?"

"ठेव म्हनतो ना! उजवा."

तिनं पाय ठेवला. मी शिसपेन्सिलीनं बोटांभोवती रेघ ओढली, बोटांच्या उंच्या मापल्या. ती वरून म्हणाली, "पस्तीस वर्सांत माजा पाय बघायला आज सवड घावली व्हय?"

"गप ऱ्हा. हलू नगं."

बूट फेकून दिला आणि शिवणीच्या ठोकळ्यातून पाऊल कोरलं. पाच बोटं, नखांसकट. शेजारच्या बोटाला बारीक खाच, जोडवं घसरू नये म्हणून. तळव्याला टायरचं रबर. शनिवारी दुपारी पाय घेऊन गेलो आणि न बोलता तिच्यापुढं ठेवला.

तिनं तो उचलला. बोटांवरून बोट फिरवलं. "करंगळी मोठी झालीया," म्हणाली.

"आमच्या मंडळीची तशीच हाय."

तिनं गाठ सोडली आणि जोडवं आपल्या हातानं चढवलं. मग पट्टे बांधले, तेही स्वतःच. भिंतीला धरून उभी राहिली. दोन पावलं, चार पावलं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिचा नवरा जिन्यापाशी येऊन थांबला होता, भुवया दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या. त्यानं आधी पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. "जेवलीस?" एवढंच म्हणाला.

मोठे डॉक्टर आले. "शाब्बास मिस्त्री! आता हीच पद्धत सगळ्या पायांना."

"जवानांना बी जोडवी घालू का?" मी म्हटलं.

ते हसले. मग उपासनींकडं वळून, सहज, जाता-जाता म्हणाले, "ह्यात तुमचं काय काम झालं, उपासनी?"

"काही नाही. मिस्त्रींना बसायला जागा दिली."

डॉक्टर मान हलवून निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांवर का ह्या माणसावर, कळेना. अरे, भांड की! सांग की मी एकोणीस दिवस बसलो म्हणून! मी त्यांना शेडवर नेलं.

"साहेब, ते टिनपाट स्टूल द्या टाकून. मी तुमाला खुर्ची करून देतो. हातांची, वेताची. डॉक्टरांपेक्षा मोठी."

"खुर्ची नको, मिस्त्री." त्यांनी कोपरातलं स्टूल माझ्या बाकावर ठेवलं. "त्यापेक्षा बोटभर..."

"कापनार न्हाई!" मी करवत भिंतीवर मारली. "वरीस झालं! येड लागलंय का तुमाला? कारन सांगा, न्हाईतर पुन्यांदा माज्या शेडात पाऊल टाकू नगा!"

 उपासनी स्टूल पुन्हा कोपरात अडकवून म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर पुण्याला येता?"

हट्टाला पेटून गेलो. एस्टीत कंडक्टर म्हणाला, "स्टुलाचं सामान तिकीट काढा, स्टुलवाले." मीच अंगावर गेलो. "वीतभर लाकडाचं तिकीट? ह्यो बघ, मांडीवर घेतलं. आता मांडीचं तिकीट फाड!" पुण्यापर्यंत ते माझ्या मांडीवर होतं.

शहराच्या बाहेर एक इस्पितळ. मनानं आजारी माणसांचं. लांबच लांब व्हरांडा, शहाबादी फरशी. भिंतीला टेकून एक बाई बसली होती, गुडघे पोटाशी घेतलेले, केस अर्धे पिकलेले, नजर फरशीवर. उपासनींनी तिच्यापासून मोजून पाच फरश्या सोडल्या, स्टूल ठेवलं आणि बसले.

मी खांबाआड उभा राहिलो. तासभर गेला. तो गप, ती गप. तिनं एकदाही मान वर केली नाही. शेवटी हे उठले आणि म्हणाले, "बरंय सुधा, पुढच्या रविवारी येतो."

परतीच्या गाडीनं घाट उतरला. मग तेच म्हणाले, "माझी बायको. सहा वर्षं झाली. आधी खुर्चीवर बसायचो, तर ती उठून आत जायची. मग एकदम खाली फरशीवर बसलो, तर किंचाळली. तुमचं स्टूल नेलं, तेव्हा पहिल्यांदा बसून राहिली. बोटभर कमी केलं, तरी बसून राहिली. म्हणून म्हटलं, असंच जावं हळूहळू."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"तुम्ही एकदा दोन बोटं कापली होती, आठवतं? त्या रविवारी ती उठून आत गेली, ती महिनाभर बाहेरच आली नाही."

 मांडीवर स्टूल होतं. पायांची टोकं मी अंगठ्यानं चाचपत राहिलो.

"मी मनाचा अभ्यास केलेला माणूस, मिस्त्री," ते म्हणाले. "आणि घरातल्या घरात मला कळलं नाही. दोन वर्षं ती गप होत चालली होती. मी येत होतो, जात होतो. उभ्यानंच."

दुसऱ्या दिवशी सोमवार. त्यांच्या हातातून स्टूल घेतलं आणि बोटभर कापलं. केसानंही जास्त नाही. त्यानंतर दर महिन्याला मीच जाऊन मागून आणायचो. टोकं घासायचो, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून खाली कातडं लावायचो. तोंडानं शिव्या चालूच होत्या. ज्या देवानं हे केलं त्याला, मोठ्या डॉक्टरांना, एस्टीच्या कंडक्टरला, आणि ते दोन बोटं कापणाऱ्या हाताला.

पाय संपले. नुसती बसायची फळी उरली, दोन बोटं जाडीची. स्टुलाचा पाट झाला. मीटिंगमध्ये आता भांगही दिसेना, पण डॉक्टर विचारायचेही थांबले होते. उपासनी पाट काखेत मारून रविवारी जायचे, सोमवारी यायचे. मी विचारत नव्हतो. ते सांगत नव्हते.

थंडी पडली होती. एका सोमवारी ते शेडच्या दारात आले, तर काखेत पाट नव्हता.

"कुठं टाकला?" मी ओरडलो. "गाडीत इसरला? अस्सल सागवान हुतं ते! बावीस बार कापलं मी त्ये! काय माणूस हाय का कोन?"

"विसरलो नाही," ते म्हणाले. "सुधानं घेतला."

माझ्या हातातला रंधा थांबला.

"मी बसलो होतो. ती सरकत आली, पाटाला हात लावला. मी उठलो, तर तिनं तो आपल्याकडं ओढला आणि त्यावर बसली. म्हणाली, फरशी गार आहे."

"अन् तुमी?"

"मी बसलो फरशीवर."

"उठून नाय गेली?"

"नाही." त्यांच्या गळ्याजवळचं बटण, जे कधी उघडं दिसलं नव्हतं, ते त्या दिवशी उघडं होतं. "फरशी खरंच गार होती हो, मिस्त्री."

मी त्यांच्याकडं पाठ केली. शेडच्या मागून दुसऱ्या पाटाजोगी सागवानाची एक फळी ओढून काढली. लांबी किती, रुंदी किती, काही विचारलं नाही. रंधा मारायला लागलो. भुसा डोळ्यांत जात होता. मागं बघितलं, तर हा माणूस अजून दारातच, रिकामं कोपर वाकवून, स्टूल अडकवल्यासारखा उभा. मला असा राग आला म्हणून सांगू!

"उभं काय ऱ्हायलाय?" मी म्हटलं. "बसा की!"

ते तिथंच भुशात बसले. थोड्या वेळानं मी रंधा ठेवला आणि शेजारी बसलो.